खेमा कुंभारणीचे गाढव
फार पूर्वी चंपा नगरीवर धृतकेतू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व सोमिल नावाने जन्मला होता. न्यायसभेत लोकांची बाजू मांडणे हा त्याचा व्यवसाय. न्यायामात्य व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती.

सभेच्या खांबात राहणाऱ्या यक्षाने ती ओळखली. तो म्हणाला, "मी तिळाएवढा होऊन तुझ्या जिभेवर बसतो. तू कधीच हरणार नाहीस."

"आणि मोबदला?"

"काही नको. बाजू कोणाची घ्यायची, ते मात्र मी ठरवणार."

सोमिलाला हे स्वस्त वाटले. महिनाभरातच सोमिलाचे बोलणे ऐकून एका घरमालकाने, भिंत फोडताना चोराच्या हाताला खरचटले म्हणून भर सभेत चोराची माफी मागितली. राजा खूश झाला. आणखी एक खटला जिंकला की सोमिल न्यायामात्य होणार होता.

खटला खेमा कुंभारणीचा होता. तिचे गाढव धनक श्रेष्ठीने बळकावले होते. यक्षाने धनकाची बाजू निवडली.

सोमिल म्हणाला, "महाराज, हे गाढव पोटात असताना त्याची आई श्रेष्ठींच्या कुरणात चरली. म्हणजे हाडेमांस श्रेष्ठींच्या गवताचे. खेमाची असलीच, तर शेपटी!"

सभेने टाळ्या वाजवल्या. खेमाने हात जोडले.

"महाराज, एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? गाढव शेठचंच असेल, माझीच चूक झाली. फक्त त्याच्या मागच्या डाव्या पायाला सूज आहे. रोज एरंडाचं तेल चोळा म्हणावं त्यांना."

सोमिलाला आपण काय केले ते कळले. तिचे गाढव तर त्याने घेतलेच होते. आता तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही घेतला होता. तो खरे बोलायला गेला, पण जीभ हलेना.

"गप्प बस," यक्ष कुजबुजला. "पद घे आणि घरी चल."

बोधिसत्त्वाने स्वतःच्या जिभेला कडकडून चावा घेतला.

"अगं आई गं!" यक्ष किंचाळला आणि उडी मारून जो पळाला, तो थेट वेशीबाहेर गेला.

"महालाज," सुजलेल्या जिभेने बोधिसत्त्व म्हणाला, "गाधव खेमातंत आहे. मी खोतं बोललो."

लेखनिकाने तीनदा विचारून ते लिहून घेतले. सभा पोट धरून हसली. गाढव खेमाला मिळाले, पद दुसऱ्याला. बोधिसत्त्व आठवडाभर पेज पिऊन राहिला, पण त्याला झोप छान लागली.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो यक्ष म्हणजे मोहात पाडणारा मार, धनक म्हणजे देवदत्त, खेमा म्हणजे राहुलमाता आणि सोमिल म्हणजे मीच."

"आणि गाढव, भंते?" एकाने विचारले.

शास्ते मंद हसले. मागच्या रांगेतला एक भिक्षू खाली पाहू लागला.

"ते राहू द्या," शास्ते म्हणाले. "जिंकत असतानाही खरे बोलणे, ही सत्यपारमिता."