भिंगरीचा पान्हा

एका गावात एक आई होती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, गाव तिथे आया असायच्याच. खरंय. पण ही जरा जास्तच आई होती. मुलांच्या हाताला काम म्हणून लागू द्यायची नाही. थोरली बारा वर्षांची, धाकटा दहाचा, पण पाण्याचा तांब्यासुद्धा दोघांना हातात आयता मिळे. कुणी उठू लागलं की म्हणायची, "बसा रे, मी आहे ना!" मुलं काय, बसायला एका पायावर तयार.

घरात एक म्हैस होती, भिंगरी. नाव भिंगरी, पण चाल अशी की गोठ्यातून आडापर्यंत जाईतो माणसाचं जेवण उरकावं. तिचं रेडकू पावसाळ्यात दगावलं होतं आणि तेव्हापासून ती आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. मुलांचा बाप गाडीवान. गूळ भरून घाटाखाली गेला की पंधरा पंधरा दिवस तिकडेच. घरात दूध, दही, ताक, जे काय होतं ते एकट्या भिंगरीच्या जिवावर.

बाप असाच घाटाखाली असताना एके दिवशी निरोप आला. आईची बहीण पलीकडच्या गावात बाळंत झाली होती आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं. आईने घाईघाईने सकाळची धार काढली, भाकऱ्या करून ठेवल्या आणि बाकी सगळं तसंच टाकून लुगड्याचा पदर खोचला.

"तीन दिवसांत येते. घर जसं चालतं तसं चालू द्या," असं म्हणून ती निघाली.

"ताई, घर चालतं म्हणजे काय गं?" धाकट्याने विचारलं.

"चालतं म्हणजे चालतं. आपोआप," थोरली म्हणाली.

दुपारी धाकट्याला तहान लागली. रांजणात तांब्या घातला तर नुसता खडखडाट! असं आजवर कधी झालं नव्हतं. रांजण नेहमी भरलेलाच असायचा. दोघांनी तो आडवा केला, आतून बघितला, बाहेरून बघितला.

"गळतोय," धाकटा म्हणाला.

"मग खाली ओल कुठाय?"

ओल नव्हती. चुलीपाशी गेली तर सरपण संपलेलं. अंगणात बघावं तर पाचोळा पसरलेला. कालपर्यंत अंगण कसं लख्ख असायचं! आता मात्र दोघांचं डोकं चालेना.

"चोर शिरलाय," धाकटा हळूच म्हणाला. "आई गेल्याचं बघितलं आणि आधी पाणी नेलं, मग लाकडं नेली."

"आणि पाचोळा आणून टाकला? असला कसला चोर?"

तरी दोघांनी दाराला कडी घातली आणि पाण्यावाचूनच भाकरी खाल्ली.

संध्याकाळी भिंगरी हंबरू लागली. धाकटा चरवी घेऊन ऐटीत तिच्याखाली बसला. आई बसते, सड ओढते, दूध येतं. एवढंच तर काम! पण थेंब येईना. भिंगरीने शेपटी अशी फिरवली की धाकट्याचा गाल लाल झाला. मग थोरली बसली. तिची चरवी भिंगरीने लाथेने उडवून दिली.

शेजारची आत्या कुडावरून बघत होती. "अरे बाळांनो, जनावर माणूस ओळखतं," ती म्हणाली. "आईचं लुगडं नेस पोरी, म्हणजे फसेल ती."

थोरलीने ट्रंकेतलं लुगडं काढलं, कसंबसं गुंडाळलं आणि दोनदा पायात अडकून पडली. धाकट्याने आईचा आवाज काढला, "भिंगरे, उभी राहा गं बाई!" भिंगरीने मान वळवली, लुगडं हुंगलं आणि फर्रकन शिंकली. बिचारीला कळेना की ही कोण उभी आहे आणि हा कोण बोलतोय. दूध काही तिने दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. आता भिंगरीची कास टम्म फुगली होती. ती वैरणीला तोंड लावेना, नुसती पाय बदलत उभी राही. हात लावला की अंग चोरायची. आत्या आली, लांबूनच तिने कास निरखली आणि तिचा चेहरा उतरला.

"आज दिवस मावळायच्या आत दूध निघालं नाही, तर कास दगडासारखी होईल. मग म्हैस आटली म्हणून समजा, कायमची."

धाकट्याला रडूच कोसळलं. "आत्या, तुम्ही काढा ना धार!"

"मला तर ती शिंगावरच घेईल. मला सांगा, तुमची आई धारेला बसायच्या आधी काय करते?"

"चरवी धुते," थोरली म्हणाली.

"त्याच्या आधी?"

थोरलीने भावाकडे बघितलं. भावाने जमिनीकडे बघितलं.

"आम्ही झोपलेलो असतो," थोरली म्हणाली. हे बोलताना तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

आत्या म्हणाली, "मला तरी कुठे दिसतं? तेव्हा अंधार असतो. पण ऐकू येतं हो रोज. आधी खराट्याचा आवाज. म्हणजे शेण काढून गोठा झाडत असेल. मग आडावर घागर बुडते, तीन खेपा तरी होतात. मग पाठ घासल्याचा आवाज. मग पेंड कालवते, टोपलीत कोंडा हलतो. आणि शेवटी बोलत बसते."

"कुणाशी?"

"भिंगरीशी. दुसरं आहे कोण ऐकायला?"

"काय बोलते?"

"रोज एकच. 'झोपलीत गं लेकरं, झोपू दे. खेळून दमतात.'"

थोरलीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. ती उठली, लुगडं खुंटीला टांगलं, परकर खोचला आणि खराटा उचलला.

काय करायचं ते कळलं होतं, पण कसं करायचं ते कुणाला ठाऊक? धाकट्याने शेण उचललं ते कोपरापर्यंत माखलं. आडावरून आणलेली पहिली घागर घरी येईतो अर्धी झाली होती. दुसरीला तो वाटेत तीनदा टेकला. तिसरी रांजणात ओतताना त्याच्या हाताला फोड आले होते. तो तिथेच मटकन बसला.

"ताई," तो म्हणाला, "चोर नव्हता गं."

"मला कळलं ते," थोरली म्हणाली.

दोघांनी मिळून भिंगरीची पाठ काथ्याने घासली. पेंड आधी फार पातळ झाली, मग फार घट्ट, मग कशीबशी जमली. अंगणातला पाचोळा पेटवून पाणी कोमट केलं आणि कास धुतली. ऊन उतरायला लागलं होतं. थोरली हलकेच खाली बसली. अंगाला शेण, केसांत कोंडा, परकर चिंब ओला. आईसारखं तिच्यात आता काहीसुद्धा दिसत नव्हतं. काय बोलावं हेही तिला सुचेना. मग जे मनात होतं तेच तिने सांगितलं.

"भिंगरे, आम्हाला काही येत नाही गं. आमचं चुकलं. पण तू आटू नकोस."

भिंगरीने टोपलीतून तोंड वर काढलं. तिच्याकडे बघितलं. एक लांब श्वास सोडला आणि पान्हा सोडला. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा धाकटा ओरडणारच होता, पण थोरलीने डोळे वटारले. कास मोकळी व्हायला बराच वेळ लागला. धाकटा तेवढा वेळ भिंगरीची मान खाजवत उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई धावतपळत आली. वाटभर तिच्या जिवाला घोर होता. पोरं उपाशी असतील, म्हशीची कास तटली असेल. गोठ्यात बघते तर थोरली धारेला बसलेली आणि धाकटा पेंड कालवतोय!

"अगो बाई! सरका, सरका, मी आहे ना!" तिने पदर खोचला.

थोरली जागची हलली नाही. "आई, तू बस. आम्ही आहोत ना."

आई उंबऱ्यावर बसली. आणि बसल्यावर तिला समजेचना की आता करायचं काय. या वेळेला ती कधी बसलीच नव्हती. तिने हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग पुन्हा ठेवले. धाकट्याने हात धुतले आणि भरल्या रांजणातून तांब्याभर पाणी तिच्या हातात आणून दिलं. ती घोट घोट पीत राहिली, नि डोळे पुसत राहिली.

"वेडीच मी," ती म्हणाली. "माया केली, माया केली, आणि तुम्हाला पांगळं करून ठेवलं."

"मग आता उद्या आम्हाला पहाटे उठव," थोरली म्हणाली.

तात्पर्य: घर आपोआप चालत नाही, कुणीतरी ते चालवत असतं. मुलांना घरच्या कामाला हात लावू दिला, तरच त्यांना तो चालवणारा हात दिसतो.