बारावी मुलगी

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवावा? विचारण्याआधीच ‘होय’ म्हणणाऱ्यावर, की ‘थांबा, हे मला पटलेलं नाही’ म्हणणाऱ्यावर? मी आयुष्यभर धान्य विकलं. ‘वा, काय गहू आहे’ म्हणणारा दुकानातून रिकाम्या हाताने जातो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खडे दाखवणारा मात्र वर्षानुवर्षं परत येतो. हे कळायला मला वीस वर्षं लागली. या गोष्टीतल्या सेक्रेटरींना ते कळलं का, ते ऐका.

कुठल्याशा डोंगराखालच्या गावात ख्रिस्ती लोकांचं एक जुनं देऊळ होतं. तिथे पंधरा वर्षांची मुलं दरवर्षी मंडळीसमोर उभी राहून विश्वासाची प्रश्नोत्तरं म्हणत, आणि मगच त्यांना प्रभुभोजनात, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या पवित्र विधीत, घेत. प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचं काम देवळाच्या सेक्रेटरींकडे. मुलं पोपटासारखी म्हणत, पांढऱ्या कपड्यांत फोटो काढत, आणि पुढे थेट नाताळच्या केकलाच दिसत. दरवर्षी हेच. तरी कुणी विचारत नव्हतं, की बुवा, ही मुलं जातात कुठे?

त्या वर्षी मुलं बारा होती. सेक्रेटरी खूश, कारण बारा हा प्रेषितांचा, म्हणजे प्रभूच्या पहिल्या शिष्यांचा आकडा. त्यांनी तो रजिस्टरात आधीच लिहून बिशपसाहेबांना कळवूनही टाकला.

आणि त्या बारांतली सलोमी अडली. ‘देव प्रार्थना ऐकतो काय?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणेना. तिचा धाकटा भाऊ तापाने गेला होता, आणि तो वाचावा म्हणून सगळ्या मंडळीने गुडघे टेकले होते.

सेक्रेटरींनी समजावलं, मग दटावलं, मग तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. वडील बिचारे मान खाली घालून बसले. कमिटीच्या तीन बैठका झाल्या, चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या, पण मुलीला काय दुखतंय हे एकानेही विचारलं नाही. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला.

“तू नुसते ओठ हलव. बाकीचे अकरा मोठ्याने म्हणतील.”

“पण काका,” सलोमी म्हणाली, “ओठ हलवून फसवायचं कुणाला? तुम्हाला की देवाला?”

सेक्रेटरी भडकले. म्हणाले, अकरा बरे दिसत नाहीत, बाराच पाहिजेत. देवळाची घंटा वाजवणारी म्हातारी रिबकाबाई दारात झाडत होती. तिने झाडू न थांबवता विचारलं, की प्रेषितांतल्या बाराव्यानेच प्रभूला धरून दिलं, ते साहेबांना आठवतंय ना?

मग ती सलोमीला घंटेच्या दोरापाशी घेऊन गेली. रिबकाबाईचा स्वतःचा मुलगा विहिरीत बुडून गेला होता. त्यानंतर दोन वर्षं ती देवाशी बोलली नव्हती, घंटा मात्र वाजवत होती.

“मग कशाला वाजवायचात, मावशी?”

“भांडायला तरी कुणी हवं होतं ना, पोरी. माझं भांडण त्याच्याशीच होतं.”

“उत्तर दिलं त्याने?”

“नाही. पण मला एकदाही हाकललं नाही. धर हा दोर.”

नेमलेल्या रविवारी अकरा मुलं खणखणीत बोलली आणि सलोमीने घंटा वाजवली. पावसाळा संपेपर्यंत त्या अकरांचं बाक रिकामं झालं. घंटा मात्र एकाही रविवारी चुकली नाही.

पुढच्या वर्षी पंधराचं कुणीच नव्हतं. सलोमी स्वतःहून पुढे आली, एकटी. देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी तोच प्रश्न विचारला.

“ऐकतो,” ती म्हणाली. “माझं भांडणसुद्धा ऐकतो. भावाचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. मी रोज विचारते.”

तिचे वडील मागच्या बाकावर रडले. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि नंतर रजिस्टर मागवून गेल्या वर्षीच्या बारावर काट मारून तिथे अकरा लिहिलं.

“आणि यंदा?” सेक्रेटरींनी विचारलं. “बिशपसाहेबांना काय एक कळवू?”

“एकच कळवा. आणि पुढच्या वर्षी मुलांना शिकवायला रिबकाबाईंना बसवा.”

तात्पर्य: मुलांच्या तोंडी उत्तर कोंबलं की ते दारापर्यंतच टिकतं, त्यांचा प्रश्न ऐकून घेतला, तर त्यांचा विश्वास मुळं धरतो.

आणि मंडळी, एवढी विनंती ऐका. तुमच्याही देवळात असं रजिस्टर असेलच. त्यात अकरा असतील तर अकराच लिहा, आणि एक असेल तर एक.