साळिंदराचा आभार-मेळावा

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक दाट रान होते आणि त्या रानात एक साळिंदर राहत असे. मोठे कष्टाळू होते ते. जमिनीतले कंद उकरून काढायचे, कोठारात निगुतीने साठवायचे आणि फळांच्या किंवा मधाच्या बदल्यात ते इतर प्राण्यांना द्यायचे, असा त्याचा व्यवसाय होता. पुढे व्याप वाढला. मग कंद उकरायला एक घूस आली, ते घरोघरी पोचवायला एक खार आली आणि कोठारात साप शिरू नये म्हणून दाराशी एक मुंगूस बसू लागले.

एका उन्हाळ्यात रानाला वणवा लागला. गवत जळाले, फळे करपली. जमिनीखालचे कंद तेवढे शाबूत राहिले. त्या उन्हाळ्यात साळिंदराच्या कोठाराने कितीतरी प्राण्यांना जगवले. पुढे पावसाळा आला आणि गेला, रान पुन्हा हिरवे झाले, तरी ते प्राणी कंदांसाठी साळिंदराकडेच येत राहिले. साळिंदराला भरून आले. ते शेजारच्या कोल्ह्याला म्हणाले, "कोल्होबा, या सगळ्यांच्या जिवावर माझं चाललंय. गिऱ्हाइकांचे आणि माझ्या कामकऱ्यांचे एकदा मनापासून आभार मानावेत, असं वाटतं."

"मग मोठा मेळावा घ्या!" कोल्हा म्हणाला. "फुलांची कमान, मोराचा नाच, भरगच्च पंगत. सगळ्या रानात तुमचं नाव झालं पाहिजे!"

साळिंदराला ते पटले. तयारी सुरू झाली. पण ती करणार कोण? घूस पंगतीसाठी कंद उकरू लागली. खार आमंत्रणे देत झाडोझाड पळू लागली. मुंगसाने कमानीसाठी बांबू ओढून आणले. एके दिवशी घूस दबकत म्हणाली, "मालक, मला जरा लवकर घरी जायचं होतं. त्याचं असं झालंय..."

"मेळावा होऊ दे गं," साळिंदर घाईने म्हणाले. "हे सगळं तुमच्याचसाठी तर चाललंय!"

मेळाव्याच्या दिवशी रानातले सारे प्राणी जमले. मुंगूस अंग झटकून पुढच्या रांगेत बसायला गेले, तोच कोल्ह्याने त्याला अडवले. "इथं पाहुणे बसणार आहेत. तुम्ही काय, घरचेच. मागे उभे राहा." मुंगूस मागे वळले आणि गर्दीतून चालू लागले. त्याच्याकडे कुणाचेही लक्ष गेले नाही.

मोर नाचला. टाळ्या झाल्या. मग साळिंदर एकेका गिऱ्हाइकाला पुढे बोलावून त्याच्या गळ्यात फुलांची माळ घालू लागले. कोल्हा कानात सांगे आणि साळिंदर बोले. अस्वलाची पाळी आली तेव्हा साळिंदर म्हणाले, "अस्वलकाका, तुम्ही पावसाळाभर न चुकता माझ्या कोठारावर येत राहिलात, त्याबद्दल तुमचे आभार!"

अस्वल गोंधळले. त्याने माळ हळूच गळ्यातून काढून हातात धरली. "साळिंदरभाऊ, पावसाळाभर तर मी तापाने गुहेत पडून होतो. तुमच्या कोठारावर एकदाही आलो नाही. तुमची खार भिजत यायची, कंद चावून मऊ करून द्यायची आणि माझ्या पोटात चार घास जाईपर्यंत शेजारी बसून राहायची. तिला भेटावं म्हणून तर मी आज आलो. कुठं आहे ती?"

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. साळिंदरही पाहू लागले. खारीने ही गोष्ट त्याला कधी सांगितली नव्हती, आणि त्यानेही कधी विचारले नव्हते.

ते लगबगीने कोठारामागे गेले. खार पत्रावळी पुसत होती. घूस झाडाला टेकून बसली होती. तिच्या पंजांची सालटी निघाली होती.

"काय झालं गं?" साळिंदराने विचारले.

"मला पिल्लं झालीत, मालक. त्यांना धड पाजायलाही सवड मिळाली नाही. तेच सांगायला आले होते परवा."

साळिंदराने तिचे सोललेले पंजे हातात घेतले. मग त्याने विचारले, "आणि मुंगूस?"

"गेलं," खार म्हणाली. "नदीपलीकडच्या रानडुकराकडे. जाताना मला सांगून गेलं. रानडुक्कर त्याला कधीपासून बोलावत होतं. उन्हाळ्यात आपल्या दाराशी नागाशी झुंजताना बिचाऱ्याचा एक डोळा गेला. तुम्ही त्या वेळी नुकसान किती कंदांचं झालं असतं, एवढंच बोललात. ते त्याच्या मनाला लागलं होतं."

साळिंदराने घुशीला लगेच घरी पाठवले आणि निवडक कंद तिच्यासोबत दिले. खारीला हाताला धरून त्याने पुढे नेले आणि अस्वलाशेजारी बसवले. मग पत्रावळी उचलून ते स्वतः वाढायला लागले. कोल्हा कुजबुजला, "अहो, शोभतं का हे तुम्हाला?" साळिंदराने त्याच्याही हातात एक द्रोण दिला.

दुसऱ्या दिवशी साळिंदर नदी ओलांडून गेले. मुंगूस रानडुकराच्या दाराशी बसले होते.

"तुझ्यामुळे त्या उन्हाळ्यात कोठार वाचलं," साळिंदर म्हणाले. "तुझा डोळा गेला आणि मी साधी विचारपूसही केली नाही. चुकलं माझं."

मुंगूस म्हणाले, "आलात, बरं वाटलं. पण मी आता इथंच राहीन."

"राहा. मी तुला न्यायला आलो नाही. जे तेव्हाच बोलायला हवं होतं, ते बोलायला आलो."

दोघे नदीकाठी जाऊन बसले. खाली पाणी संथ वाहत होते. "तो नाग केवढा होता, ठाऊक आहे का तुम्हाला?" मुंगसाने एकाएकी विचारले.

"नाही," साळिंदर म्हणाले. "सांग."

आणि मुंगूस पहिल्यांदाच सगळे सांगू लागले.

तात्पर्य : ज्याचे आभार मानायचे, त्याने आपल्यासाठी काय केले आणि काय सोसले, हे आधी जाणून घ्यावे; ते न जाणता केलेला सत्कार हा शेवटी आपण आपलाच केलेला सत्कार ठरतो.