हबशिणीचा फिका मसाला

समुद्रावर शिडाची गलबतं चालायची, त्या फार जुन्या काळची गोष्ट. खाडीकाठच्या सावरपाटी गावात येसू कोळिणीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिची तीन वर्षांची गोमी तापातून उठली, पण तोंड पार सोलवटलेलं. काही घशाखाली उतरेना. बाकीच्यांची पोरं माती खाऊनही वाढतात, आपल्यालाच आई होणं जमलं नाही, असं येसूला वाटे.

गावाच्या टोकाला एक हबशीण राहायची. दर्यापलीकडच्या हबशी मुलखातून निघालेलं गलबत फुटलं, त्यातून ती एकटीच वाचली, असं म्हणतात. ती हळद, सुंठ, ओवा, धणे, वेलची कुटून मसाला करी. मिरची नावालाही नाही.

"मिरचीबिगर मसाला?" येसूची सासू म्हणे, "त्यापरीस भिंतीचा पोपडा चाट!"

हबशिणीच्या मुलखाची एक रीत होती. पहिला घास आपण खायचा नाही, दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. पण परकीच्या हातचं खाणार कोण? रोज ती घास धरून दारात उभी राही. कुणीच आलं नाही की समुद्राला देई. मासे तोंड वर काढून तिची वाट बघत, असं म्हणतात. धुक्यात चुकलेले कोळी तिच्या मसाल्याच्या वासावर होडी हाकत घरी येत, आणि किनाऱ्याला लागले की तिच्या दारावरून मान खाली घालून जात.

एका सकाळी तो वास आला आणि गोमी आईच्या कडेवरून तिकडे झुकली.

"तिच्या उंबऱ्यात पाय टाकलास, तर पोरीला घेऊन तिथंच राहा!" सासू ओरडली.

येसूने ऐकलं. तरी ती गेली. हबशिणीने पिवळ्या वरणात भाकरी बुडवली, घास पुढे केला. गोमीने आ केला. गिळला. पुन्हा आ केला. येसू तिथेच मटकन बसली आणि रडू लागली. त्या दिवशी सगळी खाडी वेलचीच्या वासाने भरून गेली, असं म्हणतात.

आजही सावरपाटीत बाळाच्या उष्टावणाला तोच फिका मसाला लागतो. गावात एकटं राहणाऱ्या कुणाला तरी मुद्दाम बोलावतात, आणि बाळाच्या मुठीतला घास आधी त्या पाहुण्याच्या तोंडात जातो. ही रीत घालून दिली ती गोमीने. पोट भरल्यावर तिने भाकरीचा इवला तुकडा वरणात बुडवला, हबशिणीच्या ओठांपाशी नेला आणि म्हणाली,

"आता तू. आ कर."