बेलभंडार

“बेलभंडार उचलून घेतलेली शपथ जिने मोडली, तिला औषध द्यायचं तरी कशाला, बुवा?”

बुवांचा शिष्य त्र्यंबक याचा आवाज चढला होता. केदारबुवांच्या मठात आत खंडोबाचं ठाणं आणि ओसरीवर औषधपाणी. लेप लावण्यात त्र्यंबकाचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

एकट्या सगुणेपुढे त्याची मात्रा चालेना. तो तिच्या हातावरच्या जखमा बऱ्या करी, ती स्वतःच नव्या करून घेई. शेवटी वैतागून त्याने बेलाचं पान आणि भंडारा तिच्या हातावर ठेवला आणि पुन्हा असं करणार नाही, हे देवासमोर वदवून घेतलं. तेव्हापासून ती यायचीच बंद झाली. गुण आला, असं तो धरून चालला.

आज ती उंबऱ्याबाहेर उभी होती. हात पदराखाली, अंग तापाने फणफणलेलं. जखम चिघळेपर्यंत तिने दडवली होती.

“शपथ मोडली होती... कोणत्या तोंडाने येऊ?”

बुवांनी तिला आत आणून बसवलं. हात धुतला, स्वच्छ फडकं बांधलं. का केलंस, असं विचारलं नाही.

“फार झालं होतं का गं पोरी?”

...

सगुणेने बांधलेल्या फडक्यावरून बोट फिरवलं.

“धाकटा भाऊ गेला. घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलंय. आत इतकं दाटतं... हे दुखलं की घटकाभर ते दुखत नाही. मग ते परत येतं, आणि वर लाज.”

“नाव काय त्याचं?”

“माणिक.”

आणि ती रडली. मग बोलत राहिली. माणिक कैऱ्या चोरायचा, हे सांगताना चक्क हसलीसुद्धा.

त्र्यंबक लेपाची वाटी धरून तसाच उभा होता. इतके दिवस त्याने तिचा हात तेवढा पाहिला होता.

“तसं वाटलं की आधी इकडे ये,” बुवा म्हणाले. “नाही जमलं, तर नंतर ये. पण ये.”

“आणि... शपथ?” त्र्यंबकाने हळूच विचारलं.

बुवांनी देवापुढचं बेलाचं पान उचललं, त्यावर चिमूटभर भंडारा ठेवला.

सगुणेने घाबरत हात पुढे केला.

“तुझा नको, पोरी. त्र्यंबकाचा. दारी आलेल्याला परत धाडणार नाही, ही शपथ त्याची.”