चकचकीत पडद्यातली देखणी बाई

जनावरं कॉलेजात जायची तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर गाढवाला विचारा. ठुमकी शेळीला कॉलेजात प्रवेश मिळाला. वर्ग भरायचा उघड्या माळावर, भर उन्हात. लॅपटॉप घ्यायला ती माकडाच्या दुकानात गेली आणि न बोलावता नातेवाईकही मागोमाग आले.

माकडाने दोन लॅपटॉप मांडले, एक चकचकीत पडद्याचा आणि एक बिनचमकीचा.

"अगं बाई, काय चित्र आहे! केवढी देखणी बाई दिसतेय यात!" म्हैसमावशी चकचकीत पडद्यापुढे मुरडली.

"सरका हो! मला तर रुबाबदार गृहस्थ दिसतोय," गाढवकाका म्हणाले. "ठुमके, हाच घे!"

"काका, तो अजून चालूच केलेला नाही!"

ठुमकीने दोन्ही लॅपटॉप चालू करून, त्यावर धडा उघडून उन्हात नेले. चकचकीत पडद्यात धड्यावर काकांचे कान हलत होते. बिनचमकीच्या पडद्यात अक्षर न् अक्षर दिसलं. तोच घेऊन ती उड्या मारत वर्गाला पळाली.

माकडाने दुसरा लॅपटॉप बंद करून ठेवला, पण काका-मावशी मात्र त्याच्यापुढून हलेनात. शेवटी चकचकीत लॅपटॉप त्यांनी स्वतःसाठीच घेतला.

"चालू कसा करायचा ते दाखवू?" माकडाने विचारलं.

"नको रे बाबा," मावशी किंचाळली, "चित्र बिघडेल!"