दुखणं काढायचा कातळ

जरा मागं सरून बघा, पावणं. जवळनं बघितलं तर काही कळत नाही, आणि लांबनं बघितलं तर मुळीच नाही. त्या कोपऱ्यातल्या लाल गोळ्यापुढं मागल्या महिन्यात एक शिकलेले साहेब तासभर बसले आणि हजारो वर्षांपूर्वीचा हत्ती म्हणून वहीत उतरवून घेऊन गेले. तो माझा गुडघा आहे. दिवाळीत काढलेला. सांगणार होते, पण ते इतके खूश दिसले, म्हटलं असू दे हत्ती.

ह्याला आम्ही दुखण्याचा कातळ म्हणतो. त्याचं असं सांगतात.

फार मागं गावात सटवाजी आणि हैबती असे दोघे भाऊ होते. विहिरीतला गाळ उपसायला धाकटा हैबती दोराला लोंबकळत खाली निघाला, वर दोर थोरल्याच्या हातात. दोर सुटला आणि हैबती गेला. त्या दिवशी सटवाजी जो आडवा झाला तो उठेना. ताप नाही, गाठ नाही. जेवेना, बोलेना, कुठं दुखतं तेही सांगेना. नुसता वाळत चालला. हा पण जातो आता, असं गाव म्हणायला लागलं.

त्याची बायको ठकू घाटाखालची, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तिनं वैद्य आणला. त्यानं नाडी बघितली आणि जाता जाता उंबऱ्यातनं म्हणाला, "औषध नाही बाई ह्याला. दुखणं काढावं लागेल."

तुम्ही आम्ही काय समजलो असतो? की पडून सोसायचं. पण ठकूच्या माहेरी दुखणं भोगत, काढत नसत. तिकडं काढायची ती लग्नातली चित्रं, भिंतीवर, काव म्हणजे लाल माती कालवून. तिला वाटलं, वैद्यानं दुखण्याचं चित्र काढायला सांगितलं.

आता दुखण्याचं काढणार काय? त्याला तोंड असतं का शेपूट? बिचारी गोंधळली. तिनं नवऱ्याच्या अंथरुणासमोर एक विंचू काढला आणि विचारलं, असंच आहे का हो? त्यानं मान हलवली, नाही. मग साप काढला. नाही. मग चार शिंगांचं कायतरी काढलं, ते तिचं तिलाच कळेना. सासू करवादली, सारवलेल्या भिंती नासल्या, काय काढायचं ते गावाबाहेर जाऊन काढ. म्हणून ती रोज त्याला खांद्याला धरून ह्या कातळाशी आणायची म्हणे. रोज नवं काढायची, रोज चुकायची.

बाराव्या दिवशी तिनं काढलं एक रांजणासारखं, त्याला पंख. सटवाजी चिडला. तिच्या हातातनं कावेचा गोळा हिसकला आणि वरनं खाली एक उभी रेघ ओढली, पार बुडापर्यंत, वाकता वाकता खालीच बसला. मग बोलला.

"दोर सुटला नाही. हाताला मुंग्या आल्या. मी सोडला."

ठकूनं ती रेघ वरनं खाली नीट बघितली. मग म्हणाली, "हात राहिला काढायचा. तो काढा."

त्यानं हात काढला आणि ढसाढसा रडला. घरी येऊन वाटीभर पेज प्याला. दुसऱ्या दिवशी भावाचं पागोटं काढलं, मग भावाचं तोंड, आणि पुढं म्हणे हसता हैबतीसुद्धा काढला.

महिन्यानं वैद्य आला तो मयताला म्हणूनच आला होता. बघतो तर पेशंट कातळावर चढलेला. ठकूला म्हणाला, अगं, काढ म्हणजे सोस म्हटलं होतं मी. ती म्हणाली, मग तसं म्हणायचं होतं. वैद्यानं एकेक रेघोटी बघितली आणि शेवटी तिलाच विचारलं, "मी नक्की काय म्हणालो होतो?"

ते मलाही अजून उमगलेलं नाही. चुकलं कोण म्हणायचं? सटवाजीची रेघ कुठली तेही विचारू नका. पावसात सगळं धुऊन जातं आणि जो तो वेगळी दाखवतो.

आजही इथं दुखणं काढायला एकट्यानं यायचं नसतं. सोबतीच्या माणसानं आधी चुकीचं काढायचं, आणि काढत राहायचं, समोरचा चिडून काव हिसकेपर्यंत. ह्या तुमच्याबरोबरच्या बाई मघापासून एक शब्द बोललेल्या नाहीत. या हो इकडं, बसा. मी काढते तुमचं. मला फार चुकीचं काढता येतं.